पुसलेले चोवीस विजय

ब्रिन पोग आमच्या विद्यापीठात सॉफ्टबॉल खेळायला आली तेव्हा तिला तेविसावं वर्ष संपत आलं होतं. संघातल्या बाकीच्या पोरी अठरा-एकोणीसच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचं नाव 'आजी' ठेवलं. ती बसमध्ये चढली की कुणीतरी जागा सोडून उठायचं, "बसा आजी, गुडघे दुखत असतील." आजी बसायची आणि म्हणायची, "माझा चष्मा आणा गं कुणीतरी. कोण बोललं ते बघू दे."

मी त्या संघाची ट्रेनर. घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, खांद्यांना बर्फ लावायचा आणि डॉक्टरकडे कुणाला कधी पाठवायचं ते ठरवायचं, एवढंच माझं काम. या हार्लो गावात सव्वीस वर्षं मी तेच केलं. पोरी मला मिस वाँडा म्हणतात. ब्रिनचा उजवा खांदा मला माझ्या स्वतःच्या खांद्यापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता, म्हणून तिची हकिगत मीच सांगितलेली बरी.

तिचा बाप डेल पोग तेलविहिरींवरचे पंप राखायचा. आई ब्रिन नऊ वर्षांची असताना टेक्सासला गेली ती परत आली नाही. त्यानंतर घरात दोघंच. डेल कामावरून आला की हात-तोंड धुण्याआधी गोठ्यामागे जाऊन पालथ्या बादलीवर बसायचा आणि पोरीचे चेंडू झेलायचा. सॉफ्टबॉलचा पिचर हात गरगर फिरवून खालून चेंडू टाकतो. नीट बसला तर तो चेंडू फलंदाजापाशी येताना वर उठतो. डेलच्या नडग्या कायम काळ्यानिळ्या असायच्या. ब्रिन म्हणायची, "डॅडीच्या पायांवर माझं सगळं शिक्षण झालं."

एकोणिसाव्या वर्षी ती जवळच्या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात गेली. तिथं दोन्ही हंगाम चांगली खेळली. मोठ्या विद्यापीठांची पत्रं यायला लागली, आणि दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात डेल पंपाशेजारी कोसळला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ब्रिन घरी गेली आणि दोन वर्षं घरीच राहिली. बापाला आंघोळ घालायची, भरवायचं, एकेक शब्द परत शिकवायचा. संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीला जुनी गादी टांगून तिच्यावर चेंडू मारायचे. डेल चाकांच्या खुर्चीत बसून बघायचा. त्याला परत आलेले पहिले दोन शब्द होते 'वर' आणि 'खाली'. पुढं डेलची विधवा बहीण नॉर्मा राहायला आली. तिने ब्रिनला सांगितलं, "याला मी बघते. तू जा आता, नाहीतर इथंच म्हातारी होशील."

अशी ती आमच्याकडे आली. पहिल्या वर्षी आमचा संघ नेहमीसारखाच हरला, पण ती जे सामने खेळली त्यांत निदान लाज राहिली. एकतीस वर्षांत आम्ही आमच्या गटाचं विजेतेपद एकदाही मिळवलं नव्हतं. कोच हार्गिस मला म्हणाली, "वाँडा, ही पुढच्या वर्षी आहे ना, मग बघ."

जूनमध्ये पत्र आलं. कॉलेजांच्या खेळांवर जी देशभराची संघटना आहे, तिचं. नियम असा, की खेळाडूला चार हंगाम खेळता येतात, पण पाच वर्षांच्या आत. आणि ती पाच वर्षं कॉलेजात पहिलं पाऊल टाकल्या दिवसापासून मोजायची. ब्रिनचे हंगाम झाले होते तीन. वर्षं मात्र पाच भरली होती.

ती माझ्या खोलीत टेबलावर बसली होती, खांद्याला बर्फ. कोचने पत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे मी डॅडीला भरवत होते, तेव्हाही घड्याळ चालूच होतं?"

"हो," कोच म्हणाली.

"मी कुठल्याच कॉलेजात नव्हते."

"तरीही."

ब्रिनने बर्फाची पिशवी काढून बाजूला ठेवली. "मला कुणी सांगितलं नाही."

विद्यापीठाने सवलतीसाठी अर्ज केला. डेलचे दवाखान्याचे कागद जोडले. उत्तर आलं ते दोन ओळींचं : कौटुंबिक अडचणीबद्दल सहानुभूती आहे, पण ती सवलतीच्या कलमात बसत नाही. फेरविचाराच्या अर्जाला तेच उत्तर, फक्त खालची सही वेगळी.

हार्लोमध्ये व्हिट अँब्रोज नावाचा वकील आहे. वय अडुसष्ट. मृत्युपत्रं करतो, जमिनीखालच्या तेलाच्या हक्कांचे करार करतो. खेळाच्या कायद्याशी त्याचा संबंध शून्य, पण त्याची मुलगी पूर्वी आमच्याकडे खेळायची, आणि तिचा घोटा मी तीन वर्षं बांधला होता. मीच ब्रिनला त्याच्याकडे घेऊन गेले. हे मी आज अभिमानाने सांगत नाही.

अँब्रोजने कागद वाचले. चष्मा कपाळावर चढवला.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढतो, कारण माझं पोट त्या पायरीवर आहे. तू कशाला चढतेस, पोरी?"

"मला अजून एक वर्ष खेळायचंय, मिस्टर अँब्रोज."

"नुकसानभरपाई? जाहिरातींचे करार बुडाले वगैरे? आजकाल सगळे तसं लिहितात."

"माझ्या जाहिराती कोण करणार? मला फक्त खेळायचंय."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने चष्मा परत डोळ्यांवर ओढला. मग म्हणाला, "एवढंच मागणाऱ्याला कोर्टात फार त्रास होतो. पण बघू."

त्याने फी घेतली नाही.

सुनावणी जानेवारीत झाली, आमच्याच जिल्हा कोर्टात. संघटनेकडून दोन वकील आले होते, दुसऱ्या राज्यातून, अतिशय सभ्य. त्यातला तरुण वकील उठला आणि म्हणाला, "या मुलीबद्दल आम्हाला आदरच आहे. पण देशात पाच लाख खेळाडू आहेत. नियम एकीसाठी वाकवला, तर उद्या हजारजण दारात उभे राहतील. आणि प्रत्येक जुना खेळाडू एक जागा अडवतो. ती जागा शाळेतून नव्याने येणाऱ्या एखाद्या मुलीची असते."

ते खोटं नव्हतं. तेव्हा मला ते ऐकून फक्त राग आला होता.

न्यायाधीशांनी ब्रिनला विचारलं, "हा हुकूम दिला नाही तर तुमचं काय नुकसान होईल?"

"एक वर्ष जाईल."

"एकच वर्ष?"

"हो सर. पण ते नंतर मिळत नाही."

न्यायाधीशांनी जेवणानंतर हुकूम दिला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत संघटनेने तिला अडवायचं नाही, आणि तिला खेळवलं म्हणून विद्यापीठाला शिक्षाही करायची नाही. मागच्या रांगेत डेल खुर्चीत बसला होता. तो डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थापा मारायला लागला.

न्यायाधीश म्हणाले, "मिस्टर पोग, कोर्टात टाळ्या नकोत."

डेलने शब्द जुळवायला वेळ घेतला. "एका... हाताने... कुठं वाजते."

अख्खं कोर्ट हसलं, न्यायाधीशही हसले. संघटनेच्या त्या तरुण वकिलाने जाताना डेलशी हात मिळवला, डावा. त्याच दुपारी त्यांनी अपील दाखल केलं.

दुसऱ्या दिवशी कोचने सगळ्या पोरींना माझ्याच खोलीत बोलावलं, कारण तिथं हीटर बरा चालतो. कोच आडपडदा ठेवणारी बाई नाही. ती म्हणाली, "नीट ऐका. हा हुकूम तात्पुरता आहे. वरच्या कोर्टाने तो उलटवला, तर संघटनेच्या नियमात एक कलम आहे. ब्रिन ज्या सामन्यांत खेळली, ते जिंकलेले सामने ते पुसू शकतात. ब्रिनचे म्हणून नव्हे, तुम्हा सगळ्यांचे. आपले न्यायाधीश म्हणालेत की शिक्षा करायची नाही. पण त्यांचा हुकूमच गेला, तर ते वाक्यही त्याच्याबरोबर जाईल. ब्रिन, तू बाहेर जा. यांना मोकळेपणाने बोलू दे."

ब्रिन बाहेर गेली. कोच म्हणाली, "खेळवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा." मग सर्वांत आधी किन्ली बर्डेटचा हात वर गेला. किन्ली दुसऱ्या वर्षाची, आमची दोन नंबरची पिचर, बुटकी, सारखी च्युइंग गम चघळणारी. ती म्हणाली, "आजीला खेळू दे." मग ब्रिनला खुणा करून तिचे चेंडू झेलणाऱ्या कॅचर मारिसोल त्रेहोने दोन्ही हात वर केले. "दोन हात चालतात का, कोच?" सगळेच हात वर गेले.

कोचने त्या दिवशी एक गोष्ट सांगितली नव्हती. दुसऱ्या मोठ्या खटल्यांत संघटनेने केलेल्या तडजोडीनंतर नवा नियम आला होता : संघात पंचवीसच मुली. पूर्वी आम्ही अठ्ठावीस-तीस ठेवायचो. ब्रिन जाणार या हिशेबाने कोचने पंचवीस भरल्या होत्या. आता सव्वीस झाल्या.

तिसऱ्या दिवशी किन्ली माझ्याकडे तिचा गुडघ्याचा पट्टा परत करायला आली. तेव्हा मला कळलं, की सव्विसावी म्हणून कोचने तिलाच काढलंय. ब्रिन तिथंच होती. ती टेबलावरून खाली उतरली.

"किन्ली, मला खरंच माहीत नव्हतं."

"ठीक आहे, आजी."

"मी कोचशी बोलते. मी..."

"काय बोलणार? तू टाकतेस ते मला टाकता येत नाही. ते मलाही दिसतं." किन्लीने पट्ट्याची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. "फक्त एक आहे. तुझ्याकडे वकील होता. मला तर पत्रसुद्धा आलं नाही. कोचने पार्किंगमध्ये सांगितलं."

ती गेली. त्या दिवशी ब्रिनने सराव केला नाही.

हंगाम मात्र असा गेला, की हार्लोत कुणी विसरणार नाही. फेब्रुवारीत थंड वाऱ्यात सुरू झाला, आणि एप्रिलपर्यंत आम्ही एकवीस सामने जिंकलो होतो. ज्या मैदानावर खेळाडूंच्या आयाच तेवढ्या यायच्या, तिथं लोक खुर्च्या घेऊन यायला लागले. डेलला नॉर्मा गाडीतून आणायची. तो कुंपणाला खुर्ची भिडवून बसायचा आणि 'वर' म्हणायचा. मारिसोल मागं वळून ओरडायची, "मिस्टर पोग, खुणा मी करते, तुम्ही नाही."

एप्रिलमध्येच ब्रिनचा खांदा गेला. म्हणजे एकाएकी नव्हे. एका सकाळी मी पाहिलं, ती डाव्या हाताने केस विंचरत होती.

मी म्हटलं, "हात वर कर."

तिने खांद्यापर्यंत नेला आणि थांबली.

"ब्रिन, याचा स्कॅन काढायला हवा. आजच."

"हंगाम संपल्यावर काढू, मिस वाँडा."

"तोवर उरलंसुरलं फाटेल."

"हंगामानंतर मला खांदा कशाला लागणार आहे?"

मी कोचला सांगितलं, स्नायू आखडलेत. सव्वीस वर्षांत मी खोटं बोलले ते तेवढं एकदा. पुढचे पाच आठवडे ती बर्फ आणि गोळ्यांवर खेळली. टाकताना तिचा चेहरा हलत नसे. डाव संपवून परत आली की बाकाच्या टोकाला जाऊन पाठ करून बसायची.

मेमध्ये आम्ही गटाचं विजेतेपद जिंकलो. १–०. तो एक रन मारिसोलच्या होमरनचा, चेंडू थेट कुंपणापार. पोरी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. ब्रिन त्यात शिरली नाही, कडेला उभी राहून डाव्या हाताने टोपी हलवत होती. लोकांना वाटलं ती मोठी म्हणून शांत आहे. धक्का लागेल म्हणून ती लांब उभी होती. आठवड्याच्या आत कुंपणावर मोठा निळा कापडी फलक लागला : गटविजेते. एकतीस वर्षांत पहिला.

पुढची फेरी दुसऱ्या राज्यात, सहा तासांच्या अंतरावर. गुरुवारी दुपारी बस पेट्रोल पंपावर थांबली होती. पोरी आत चिप्स घेत होत्या. ब्रिन बाहेर बसच्या सावलीत माझ्याशेजारी उभी होती, तेव्हा तिचा फोन वाजला. अँब्रोज. ती ऐकत राहिली. दोनदा "हो सर" म्हणाली. मग फोन माझ्या हातात दिला.

"वरच्या कोर्टाने स्थगिती दिली, वाँडा," अँब्रोज म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्यासारखा येत होता. "सव्वाएकला. हुकूम आता लागू नाही. उद्या तिला मैदानात उतरवू नका, बाकावरसुद्धा बसवू नका."

"का दिली?"

"कारण पुढं लिहू म्हणालेत. आज फक्त एक ओळ."

कोचने बसमध्ये पोरींना सांगितलं. कुणी रडलं नाही. मारिसोलने विचारलं, "मग टाकणार कोण?" आमची दुसरी पिचर, किन्ली, जानेवारीपासून आमच्यात नव्हती. तिसरी मनगट मोडून घरी होती.

शुक्रवारी एरवी मैदानात मागं, सेंटरला उभ्या राहणाऱ्या मुलीने चेंडू टाकले. शाळेत असताना तिने थोडं केलं होतं. तिने वाइड चेंडू टाकून अकरा फलंदाजांना फुकट पुढं पाठवलं. आम्ही १३–० हरलो, शनिवारी १०–०. ब्रिन तिकीट काढून वरच्या रांगेत बसली होती, अंगात संघाचं काही न घालता. समोरच्या बाजूचे लोकही दुसऱ्या डावानंतर टाळ्या वाजवेनासे झाले. त्यांनाही ते बघवत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये तीन न्यायाधीशांनी आमच्या जिल्हा कोर्टाचा हुकूम रद्द केला. बावीस पानं. त्यात डेलचा उल्लेख एका तळटीपेत होता. ऑक्टोबरमध्ये संघटनेचं पत्र आलं. ब्रिन ज्या चोवीस जिंकलेल्या सामन्यांत खेळली होती, ते चोवीस विजय रद्द. गटविजेतेपद रद्द. हरलेले सामने मात्र तसेच राहणार. एकतीस विजयांचे सात उरले. विद्यापीठाने लढायचं नाही असं ठरवलं. त्यांच्या कायदा विभागाची बाई मला म्हणाली, "वाँडा, आमच्यावर आणखी चार खटले आहेत. सॉफ्टबॉलसाठी पाचवा कोण ओढवून घेणार?"

मंगळवारी सकाळी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि फलक उतरवला. त्याची घडी करताना वारा फार होता, म्हणून त्यांनी एक टोक मला धरायला सांगितलं. मी धरलं.

त्या संध्याकाळी मारिसोल माझ्याकडे आली. ती आता चौथ्या वर्षात होती. "मिस वाँडा, माझा होमरन त्यांनी ठेवलाय. नोंदीत आहे तो. फक्त तो सामना नाही."

"हो."

"मग मी तो मारला कुठं?"

ती म्हणाली, "हात मीच वर केला होता. दोन्ही. तरी मला आजीचा राग येतो. मी फोन करत नाही तिला. केला तर काहीतरी बोलून जाईन."

गावातही तेच. दुकानात लोक ब्रिनला नमस्कार करायचे, आणि ती वळली की कुणीतरी म्हणायचं, हात दाखवून अवलक्षण. गप्प घरी बसली असती तर निदान पोरी दहा-बारा सामने तरी आपले म्हणून जिंकल्या असत्या, असा हिशेब करणारेही होते. हंगामभर खुर्च्या घेऊन येणारे तेच.

खांद्याचा स्कॅन जूनमध्ये काढला होता. सांध्याची कड फाटली होती, वरचा स्नायू अर्धा तुटला होता. शस्त्रक्रिया लागणार होती. विद्यापीठाच्या खेळाडूंच्या विम्याने ऑक्टोबरपर्यंत कागद फिरवले आणि मग कळवलं, की दुखापत झाली त्या काळात ही मुलगी पात्र खेळाडू नव्हती, असं आता ठरलेलं आहे, सबब दावा मंजूर करता येत नाही. अँब्रोज म्हणाला, यावर वेगळा खटला करता येईल. ब्रिन म्हणाली, "नको, मिस्टर अँब्रोज. आता नको." एप्रिलमध्ये मी तोंड उघडलं असतं, तर खांदा वाचला असता की नाही माहीत नाही. पण तेव्हा हुकूम लागू होता, निदान कागद वेगळा झाला असता. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतं तर मी तुमच्याशी जन्मात बोलले नसते." तिने माझी समजूत घातली, आणि मी ती घालू दिली.

त्याच महिन्यात ती म्हणाली, "मला किन्लीकडे सोडाल? गाडीचं चाक वळवताना दुखतं."

किन्लीने जानेवारीतच विद्यापीठ सोडलं होतं. सगळीकडे पंचवीसच्या मर्यादा, दुसऱ्या कुणी तिला घेतलं नाही. शेजारच्या गावात टायरच्या दुकानात ती काउंटरवर बसायची. आम्ही गेलो तेव्हा ती कुणाच्या तरी टायरचा नंबर लिहून घेत होती. लिहून झाल्यावर तिने पेन ठेवलं.

"काय आजी."

"मी सॉरी म्हणायला आले."

"तेव्हाच म्हणाली होतीस."

"तेव्हा मला वाटत होतं, आपण काहीतरी जिंकू. म्हणजे तुझी जागा गेली, पण त्यातून काहीतरी... आता तेही गेलं. सगळं पुसलं त्यांनी. म्हणून परत आले."

किन्लीने थोडा विचार केला. ती मुलगी दुष्ट नाही.

"त्यांनी ते सामने पुसले," ती म्हणाली, "म्हणजे त्यांच्या लेखी तू खेळलीच नाहीस. बरोबर?"

"तसंच."

"मग संघात पंचवीसच होत्या. मग मला का काढलं?"

ब्रिनने डावा हात काउंटरच्या कडेवर टेकला.

"मी भांडत नाहीये. खरंच विचारतेय. हे कुणाला विचारायचं असतं?"

"मला माहीत नाही."

"मलाही नाही." मागं कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं. किन्लीने पेन परत उचललं. "मला काही राग-बिग नाही तुझा. पण परत येऊ नकोस, आजी. तू आलीस की दिवसभर तेच डोक्यात राहतं."

आम्ही परत निघालो. वाटेत ब्रिनने एकदाच तोंड उघडलं, ते पेट्रोल भरायचं आहे का विचारायला.

नोव्हेंबरमध्ये मूळ दावा परत आमच्या जिल्हा कोर्टात आला. तो अजून संपला नव्हता. तात्पुरता हुकूम गेला होता, पण नियम न्याय्य आहे की नाही, हा खरा प्रश्न तसाच पडून होता. ब्रिनला मनातून त्याची आशा होती हे मला ठाऊक होतं. सामने परत मिळणार नाहीत, खांदा परत मिळणार नाही, पण कुणीतरी वर बसून 'मुली, तुझं बरोबर होतं' किंवा 'तुझं चूक होतं' म्हणेल. कुठलंही एक.

ती माझ्याकडचा काळा कोट घालून आली. त्या वेळी ती गावातल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात कामाला लागली होती आणि दुपारी तिला परत जायचं होतं. डेलला आणलं नव्हतं. सकाळपासून त्याला ताप होता.

सुनावणी चार मिनिटं चालली. संघटनेचा तोच तरुण वकील उभा राहिला. त्याचं म्हणणं : वादीने फक्त एका हंगामाची मागणी केली होती, तो हंगाम होऊन गेला. आता तिला द्यावं किंवा नाकारावं असं काही उरलेलं नाही. त्यामुळे नियम बरोबर की चूक यात शिरण्याची कोर्टाला गरज नाही. न्यायाधीश तेच होते. त्यांनी कागदावरून मान वर न काढता दावा निकाली काढला, निरर्थक म्हणून. मग मात्र त्यांनी ब्रिनकडे पाहिलं.

"मिस पोग, तुमचे वडील कसे आहेत?"

"बरे आहेत, सर."

"त्यांना सांगा मी विचारलं म्हणून."

बाहेर अँब्रोज भिंतीला टेकून उभा राहिला. "तू पैसे मागितले असतेस तर त्यांना हे म्हणता आलं नसतं," तो म्हणाला. "पैशाचा दावा शिळा होत नाही. मी तेव्हाच घालायला हवं होतं. अगदी एक डॉलर मागितला असता तरी."

"तुम्ही विचारलं होतं, मिस्टर अँब्रोज. मीच नको म्हटलं."

"वकील मी होतो, पोरी."

ब्रिनने डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

मी तिला घरी सोडलं. नॉर्माने बीन्स शिजत लावले होते, घरभर वास होता. डेल खाटेवर उशांना टेकून बसला होता, गालावर तापाचे दोन लाल डाग. तो सकाळपासून वाट बघत असावा. ती आत आल्या आल्या त्याने विचारलं, आणि या वेळी त्याचे शब्द अडखळले नाहीत.

"निकाल काय लागला?"

ब्रिनने कोट काढायला सुरुवात केली. उजवी बाही निघेना, ती मी ओढून काढली.

"लागलाच नाही, डॅडी."

त्याने त्यावर विचार केला. त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"मग... पुन्हा जायचं."

"हो," ती म्हणाली. "पुन्हा जायचं."

ती खाटेच्या कडेला बसून डाव्या हाताने त्याचं कपाळ चाचपायला लागली. नॉर्माने मला जेवायला थांबायला सांगितलं. मी नको म्हटलं, आणि गाडीकडे निघाले.